शीतन मनोऱ्यांच्या पातळ कवचांचे संरचनात्मक विश्लेषण : पद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :
चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रातील, मध्यभागी निमुळते होणारे उंच कूलिंग टॉवर हे पातळ कवचाचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण होय. ज्या वक्र संरचनेची जाडी वक्रता-त्रिज्येच्या सर्वसाधारणपणे एक-विसांशाहून कमी असते, तिला पातळ कवच म्हणतात. विजापूरचा गोलघुमट (१६५६) सुमारे ३ मीटर जाडीमुळे या व्याख्येत बसत नाही. जर्मनीतील जेना येथील तारांगणाचा (१९२६) २५ मीटर व्यासाचा घुमट मात्र केवळ ६ सेंटिमीटर जाडीचा आहे.

विश्लेषणाच्या पद्धती :
१) पटल सिद्धांत : कवचात नमन परिबल नाही, सर्व भार पृष्ठालगतच्या ताण-दाबांनीच वाहिला जातो, असे यात गृहीत धरतात. त्यामुळे अनेकदा समतोलाची समीकरणे पुरेशी ठरतात. स्वभार पेलणाऱ्या अर्धगोल घुमटाच्या आडव्या वलयांत शिखरापासून सुमारे ५१.८ अंशांपर्यंत दाब व त्याखाली ताण येतो, हे यावरूनच कळते.
२) नमन सिद्धांत : आधाराजवळ कवचाच्या मुक्त हालचालीस अटकाव होऊन नमन निर्माण होते. त्याचा प्रभाव त्रिज्या व जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाशी निगडित असतो. २० मीटर त्रिज्या व १० सेंटिमीटर जाडी असल्यास हे वर्गमूळ सुमारे १.४ मीटर येते. म्हणजे नमन कडेलगतच्या पट्ट्यापुरते राहते.
३) फायनाइट एलिमेंट पद्धत : कवचाचे लहान घटकांत विभाजन करून संगणकाद्वारे अनियमित आकार, उघडी दारे व बकलिंग यांचाही विचार करता येतो.

फेरीब्रिजची दुर्घटना :
१ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे आठपैकी तीन शीतन मनोरे वादळी वाऱ्यात कोसळले. वाऱ्याच्या झोतांऐवजी सरासरी वेग गृहीत धरणे आणि मनोऱ्यांच्या समूहाचा परिणाम दुर्लक्षित राहणे, ही त्याची प्रमुख कारणे होती. मनोऱ्याच्या वाऱ्याकडील बाजूस वाऱ्यामुळे उभा ताण येतो, तर स्वभारामुळे दाब. पोलादाला फक्त त्यांतील फरक पेलावा लागतो. समजा, ताण १०० व दाब ८० एकक आहे. फरक २०. वाऱ्याचा भार केवळ १० टक्क्यांनी वाढला तर फरक ३० होतो, म्हणजेच पोलादावरील ताण ५० टक्क्यांनी वाढतो.

समारोप :
यावरून असे दिसते की, गणित अचूक असूनही भाराचे गृहीतक चुकल्यास संरचना असुरक्षित ठरते. भारतात शीतन मनोऱ्यांच्या संकल्पनासाठी भारतीय मानक ११५०४ (१९८५) सिद्ध करण्यात आले. संगणकाचे उत्तर पटल सिद्धांताच्या हातगणिताशी ताडून पाहणे, ही सवय विद्यार्थ्यांत रुजविणे म्हणूनच अगत्याचे आहे.