सोडियमचा सेल आणि नाखव्यांची वॉरंटी

सकाळी ७

भाईंदर पूर्वेतल्या गाळ्याचं शटर वर केलं की आधी सायकलर बघायचा, चहा नंतर. सोडियम-आयनचे सेल त्यावर रात्रंदिवस चार्ज-डिस्चार्ज होत असतात. एका फेरीला दोन तास धरले तर दिवसाला बारा. हजार फेऱ्यांना जवळपास तीन महिने, तीन हजारांना आठच्या वर. सेल तापवून आयुष्याचा अंदाज काढता येतो. पण अंदाजावर वॉरंटी द्यायची माझी छाती नाही.

९:३०

पोरं येतात. पोट भरतं ते एलएफपीच्या, म्हणजे लिथियमच्या पॅकवर. सेल जुळवा, निकेलची पट्टी स्पॉट-वेल्ड करा, सेल सांभाळणारं बीएमएस सर्किट बसवा, माल रवाना.

११

आता खरं दुखणं. एलएफपीचा सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत ३.२ व्होल्टच्या आसपास ठाम असतो. सोडियमचा भरल्यावर ४ ला टेकतो आणि १.५ पर्यंत घसरतो. चार सेल सिरीजमध्ये लावले की १६ पासून ६ व्होल्ट! बाजारातले चार्जर, इन्व्हर्टर, बीएमएस लिथियमच्या मापाचे. ते मध्येच बंद पडतात आणि सेलमधली बरीच वीज तशीच राहते. शोधनिबंधात क्षमतेचा आकडा असतो ग्रॅमभर कॅथोड पावडरीचा. डबा, वायर, कन्व्हर्टर यांचं वजन माझ्या काट्यावर.

१:३०

डबा खाताना ठरलेली चेष्टा: 'भाईंदरला मिठागरं, सोडियम फुकट!' मीठ स्वस्तच आहे हो. महाग आहे ॲनोडचा हार्ड कार्बन, आणि त्याहून कोरडी हवा. कॅथोडची पावडर ओल धरते, आणि आमचा जुलै खाडीकाठचा. म्हणून सेल इथे बनत नाहीत, तयार येतात. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर या संशोधन संस्थेच्या साथीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं, तेही उत्पादन दुसऱ्यांकडे सोपवायच्या बेताने. मला ते शहाणपणाचं वाटतं. २०२२ मध्ये लिथियम कार्बोनेट भडकलं तेव्हा सगळे सोडियममागे धावले. भाव कोसळले आणि चौकशीचे फोनही थांबले. लिथियमला तरी कुठे घाई होती? शास्त्रज्ञ गुडइनफ यांचं कॅथोड १९८० चं, सोनीची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये.

४

उत्तनचे नाखवा येतात. बोटीवरच्या दिव्यांसाठी बॅटरी हवी आहे.

"वॉरंटी किती?"

"नाखवा, अजून सांगता येत नाही."

"मग विकतोस काय?"

विकत नाहीच, म्हटलं. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. त्यानंतर हा सोडियमचा पॅक बोटीवर चढवा, आत कन्व्हर्टर आहे, १२ व्होल्टच मिळतील. जुनी बॅटरी मात्र सोबत असू द्या. मेअखेर परत आणा, किती वीज साठवतो ते मी मोजतो.

त्यांनी डबा उचलून पाहिला, झाकणाच्या रबरावर बोट फिरवलं.

"भाडं किती देशील?"

"मी? तुम्हाला?"

"तुझी परीक्षा माझ्या बोटीवर ना?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या फेरीच्या बर्फाचे पैसे मी द्यायचे ठरले.