इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग व त्यामागील इतिहास

एखादा विद्यार्थी रात्र या अर्थाचा 'नाइट' हा शब्द एन-ए-आय-टी असा लिहितो आणि त्याच्या वहीत लाल फुली पडते. वास्तविक त्याने ऐकलेला ध्वनी प्रामाणिकपणे अक्षरांत उतरविलेला असतो. उच्चारावे तसे लिहावे, ही सवय त्याला मराठीने लावलेली आहे. तेव्हा ही चूक आळसाची नसून तर्काची आहे. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात असल्यामुळे हा प्रश्न अगदी लहान वयातच उभा राहतो. त्याचे उत्तर इंग्रजी भाषेच्या इतिहासात आहे.

'नाइट' या शब्दाचे रूढ स्पेलिंग एन-आय-जी-एच-टी असे आहे. त्यातील जी-एच ही अक्षरे आज मुकी आहेत; परंतु पूर्वी तेथे घशातून निघणारा, 'ख'शी मिळताजुळता ध्वनी उच्चारला जात असे. रात्र या अर्थाचा संस्कृत 'नक्त' हा शब्द त्याच कुळातील होय. 'नक्त' मध्ये जेथे 'क्' आहे, तेथेच इंग्रजीत जी-एच उभी आहेत. विल्यम कॅक्स्टन याने इ. स. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. मुद्रणामुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले. उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. ध्वनी गेला, अक्षरे राहिली.

दुसरे कारण पंडितांचे. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात बी हे अक्षर नव्हते. लॅटिन 'डेबिटुम'शी असलेले नाते दाखविण्यासाठी विद्वानांनी ते मागाहून घातले. जमाखर्चातील 'डेबिट' हा शब्द त्याच घरातला. 'आयलंड' या शब्दातील एस तर निव्वळ गैरसमजाने शिरला. हा शब्द मूळचा इंग्रजीच. पण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या 'आइल' या शब्दाशी त्याचे नाते आहे, असे मानले गेले.

एकाच शब्दाची दोन स्पेलिंगेही आढळतात. सॅम्युएल जॉन्सन याचा इ. स. १७५५ चा कोश इंग्लंडमध्ये प्रमाण ठरला. अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने इ. स. १८२८ च्या कोशात 'कलर' मधील यू गाळला व 'सेंटर' च्या शेवटी टी-आर-ई ऐवजी टी-ई-आर लिहिले. ही रूपे तेथे रुजली. परंतु जीभ या अर्थाचा 'टंग' टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्याची सूचना लोकांनी स्वीकारली नाही. संगणकात अमेरिकन रूपे निवडलेली असल्यास आपल्या पाठ्यपुस्तकातील 'कलर' खाली तांबडी रेघ उमटते. ती चूक नव्हे. तो दोन परंपरांमधील भेद होय.

इंग्रजीने आपल्या मुंगसालाही आश्रय दिला आहे. मराठी 'मुंगूस' वरून 'मॉन्गूस' हा शब्द तयार झाला. त्याच्या शेवटी 'गूस' या पक्ष्याच्या नावासारखी अक्षरे दिसतात, पण त्या पक्ष्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणूनच 'गूस' चे अनेकवचन 'गीस' होत असले, तरी 'मॉन्गूस' चे रूढ अनेकवचन 'मॉन्गूसेस' असे होते.

मराठीतही असे घडले आहे. 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांतील अनुच्चारित अनुस्वार जुन्या उच्चारांच्या खुणा होत्या. इ. स. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. इंग्रजीला असे नियम करणारी सर्वमान्य संस्था नाही. म्हणून तेथील मुकी अक्षरे टिकून आहेत.

या माहितीचा वर्गात पुढीलप्रमाणे उपयोग करता येईल. एकाच घडणीचे शब्द एकत्र शिकवावेत. जसे 'नाइट', 'लाइट', 'राइट', 'फाइट'. मुक्या अक्षराखाली खडूने रेघ ओढावी व त्याची हकिकत दोन वाक्यांत सांगावी. स्पेलिंग पाठ्यपुस्तकातीलच लिहून घ्यावे. दुसरे रूप दिसल्यास तेही प्रचलित आहे, असे सांगावे. आणि फुली मारण्यापूर्वी मुलाने असे का लिहिले, हे त्यालाच विचारावे. आपण मूर्ख आहोत, असे एकदा मनाने घेतलेले मूल इंग्रजीचे पुस्तक उघडावयासच भिते. दोष आपला नसून शब्दाचा इतिहासच वाकडा आहे, हे कळले की तेच मूल ते स्पेलिंग कौतुकाने लक्षात ठेवते.