दोन फुलांचे एक फळ

'परिपक्व अंडाशय म्हणजे फळ' ही व्याख्या आपण शाळेत शिकवतो आणि बहुतेक वेळा ती चालतेही. आंबा घ्या, वांगे घ्या, चिंच घ्या. एका फुलात एक अंडाशय, त्यापासून एक फळ. काजू किंवा सफरचंद आले की अडचण होते. मग आपण 'आभासी फळ' असा शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. मुले तो पाठ करतात. पण फळाचा अमुक भाग अंडाशयापासून झाला की दुसऱ्या कशापासून, हे ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न तसाच राहतो. तो कसा सोडवतात हे फार सुरेख दाखवून देणारे एक रानटी झुडूप युरोपातील आल्प्स पर्वतात उगवते. म्हणून या वेळी त्याची ओळख करून घेऊ.

या झुडपाचे शास्त्रीय नाव लोनिसेरा सेरुलिया. हे नाव लिनीयसने १७५३ मध्ये दिले. लोनिसेरा हे प्रजातीचे नाव सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ आडाम लोनित्सर याच्या स्मरणार्थ आहे, तर सेरुलिया म्हणजे निळी. या प्रजातीतील वनस्पतींना इंग्रजीत हनीसकल म्हणतात. त्यांच्या फुलांच्या नळीत मध असतो आणि तो मुले चोखतात, त्यावरून हे नाव पडले. बागेत लावली जाणारी सुवासिक हनीसकलची वेल काहींनी पाहिली असेल. ती जपान-चीनकडची याच प्रजातीतील दुसरी जाती. लोनिसेरातील बऱ्याच जाती मात्र वेली नसून झुडुपे आहेत. आपल्याकडे 'मधुमालती' म्हणून जी वेल ओळखली जाते तिचा या कुळाशी काही संबंध नाही. नावांच्या सारखेपणाने गोंधळ होऊ नये म्हणून हे सांगितले.

आल्प्समध्ये साधारण दीड-दोन हजार मीटर उंचीवर, जिथे सूचिपर्णी जंगल विरळ होऊ लागते, तिथे हे झुडूप सापडते. उंची माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत. जुन्या फांद्यांची तांबूस तपकिरी साल लांब पट्ट्यांनी सोलून निघत असते. पाने समोरासमोर, साधी, लंबगोल. पानाच्या बगलेत एकच कळी असावी अशी आपली अपेक्षा असते, पण इथे एकीवर एक अशा दोन-तीन कळ्या उभ्या रांगेत दिसतात. झाडाला फूल नसतानाही ओळखायला ही खूण उपयोगी पडते. बर्फ वितळले की लगेच फुले येतात. ती फिकट पिवळी, जेमतेम दीड सेंटीमीटर लांब आणि नेहमी जोडीने असतात. उन्हाळ्यात फळ धरते. ते गडद निळे असून त्यावर जांभळावर किंवा काळ्या द्राक्षावर असते तशी पांढरट मेणाची साय असते.

आता हिशेब करा. फुले दोन, फळ एक.

फुले नीट पाहिल्याशिवाय हे कोडे सुटत नाही. पानाच्या बगलेतून एक आखूड देठ निघतो आणि त्याच्या टोकावर दोन फुले शेजारी शेजारी बसतात. लोनिसेराच्या फुलात अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो. पेरू किंवा काकडीच्या फुलात असतो तसा. त्यामुळे देठाच्या टोकाशी दोन अंडाशय आणि त्यांच्यावर दोन पुष्पनळ्या अशी रचना व्हायला हवी. फुलाच्या जोडीखाली दोन अरुंद छदे असतात. छद म्हणजे ज्याच्या बगलेतून फूल येते ते लहानसे पान. शिवाय प्रत्येक फुलाची स्वतःची आणखी दोन इवली पाने असतात. त्यांना छदके म्हणतात. म्हणजे जोडीला चार छदके झाली. निळ्या लोनिसेरात ही चार छदके वेगळी दिसतच नाहीत. ती कडांनी एकमेकांना जुळून त्यांचा एक पेला झालेला असतो आणि दोन्ही अंडाशय त्या पेल्यात बुडालेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला एकच हिरवा गोळा आणि त्याच्या तोंडातून बाहेर आलेल्या दोन पिवळ्या नळ्या दिसतात. त्याला तो गोळाच अंडाशय वाटतो.

फळ पिकते तेव्हा हा पेलाही वाढतो, मांसल होतो, निळा होतो. पिकलेले फळ धारदार पात्याने उभे कापले तर आत दोन लहान मृदुफळे शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांच्याभोवती एक रसाळ आवरण. काही झुडपांत पेल्याचे तोंड पूर्ण मिटत नाही, तेव्हा फळाच्या टोकाशी असलेल्या भोकातून आतली जोडी न कापताही दिसते. म्हणजे आपण निळी साल म्हणून जे पाहतो ते मुळात पाने आहेत. खरी फळे आत आहेत आणि ती दोन आहेत.

'छदके जुळून पेला झाला' हे आम्ही कशावरून म्हणतो, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारावे. त्याला दोन प्रकारे उत्तर देता येते. एक म्हणजे अगदी कोवळ्या कळीचे निरीक्षण. त्यात छदकांचे उंचवटे सुरुवातीला कुठे येतात आणि मग कसे जुळतात हे दिसते. दुसरे उत्तर भाऊबंदांकडे पाहून मिळते आणि शिक्षकाला तेच अधिक सोयीचे. त्याच आल्प्समध्ये लोनिसेराच्या आणखी जाती आहेत. लोनिसेरा झायलोस्टियम या जातीत देठाच्या टोकावर दोन लाल मणी असतात, पायथ्याशी जेमतेम चिकटलेले. काळ्या फळांच्या लोनिसेरा नायग्रामध्येही जोडी ओळखू येते. लोनिसेरा अल्पिजेनामध्ये मात्र दोन अंडाशयच जवळजवळ पूर्ण जुळलेले असतात. फळ चेरीसारखे एकच दिसते, पण त्याच्या टोकाशी दोन ठिपके राहतात. ज्या ठिकाणाहून दोन फुले गळून पडली त्या जागा त्या. उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत लोनिसेरा इन्व्होल्युक्रेटा ही जाती आहे. तिच्यात दोन काळी फळे सुटी राहतात, पण त्यांच्याभोवतीची छदे व छदके मोठी होऊन लालभडक होतात.

एकाच प्रजातीत 'एक फळ' दोन वेगळ्या वाटांनी कसे तयार होते ते इथे दिसते. अल्पिजेनात अंडाशय अंडाशयाला जुळला. सेरुलियात अंडाशय सुटेच राहिले आणि बाहेरची पाने त्यांच्याभोवती जुळली. बाहेरून दोन्ही फळे सारखी भासली तरी त्यांचे घटक वेगळे आहेत. या जाती ओळीने मांडून 'याच्यापासून हे झाले' अशी शिडी मात्र रचू नये. त्या चुलत भावंडांसारख्या आहेत, आजोबा-नातवासारख्या नाहीत.

आल्प्सचे झुडूप वर्गात आणता येणार नाही. पण बारतोंडी आणता येईल. महाराष्ट्रात ती पुष्कळ ठिकाणी आढळते. तिच्या फुलांच्या गेंदातील सर्व अंडाशय एकमेकांना जुळतात आणि खडबडीत हिरवे फळ तयार होते. त्यावरील प्रत्येक डोळा ही एका फुलाची जागा. विद्यार्थ्यांनी डोळे मोजावेत आणि एका फळामागे किती फुले होती ते सांगावे. हे अल्पिजेनाच्या वाटेचे उदाहरण झाले, फक्त फुले दोनऐवजी अनेक. आवरणाच्या वाटेसाठी चिरबोटी घ्यावी. तिच्या फळाभोवतीची कागदी पिशवी म्हणजे वाढलेला निदलपुंज. ती मांसल होत नाही आणि फळाला चिकटतही नाही. पण फळाबाहेरचा अवयव फळाबरोबर वाढतो ही कल्पना पटते. ओळखीची नसलेली रानफळे चाखून पाहू नयेत, हे मुलांना आधीच बजावावे. लोनिसेराच्याही बहुतेक जातींची फळे खाण्याजोगी नाहीत. झायलोस्टियमच्या लाल मण्यांनी तर पोटदुखी आणि उलट्या होतात. निळे फळ हा अपवाद आहे. ते आंबटगोड असते आणि माणसे ते खातात.

या पेल्याचा झाडाला उपयोग काय? थंडीपासून अंडाशयांचे रक्षण, असे उत्तर चटकन सुचते. आम्हाला ते घाईचे वाटते, कारण सुटे अंडाशय असलेल्या जातीही त्याच डोंगरावर सुखाने राहतात. थंडी सोसण्याची या झुडपाची ताकद मात्र निर्विवाद आहे. हिवाळ्यातील सुप्त फांद्या उणे ४५ अंश सेल्सिअसलाही तगतात आणि उमललेली फुले उणे ७ अंशांपर्यंत वाचतात. अशा थंडीत फुलायचे तर परागणासाठीही थंडी सोसणारा कीटक हवा. ते काम बंबलबी नावाच्या जाड, केसाळ माश्या करतात. छातीचे स्नायू थरथरवून त्या आपले शरीर गरम ठेवतात, त्यामुळे साध्या मधमाश्या पोळ्यात बसून असतात तेव्हाही या फुलांवर येतात. या झुडपात स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही, दुसऱ्या झुडपाचा पराग यावा लागतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आल्प्समध्ये युफिड्रायस इंटरमीडिया नावाचे नारिंगी-तपकिरी फुलपाखरू आहे. त्याची मादी याच झुडपाच्या पानांवर अंडी घालते. सुरवंट रेशमाचे जाळे विणून त्यात घोळक्याने राहतात. तिथला उन्हाळा इतका अपुरा की त्यांची वाढ एका वर्षात पुरी होत नाही. दोन हिवाळे काढल्यावर फुलपाखरू बाहेर येते. नकाशावर त्याचे ठिकाण पाहिले तर आश्चर्य वाटते. एक लहानसा प्रदेश आल्प्समध्ये आणि बाकीचा हजारो किलोमीटर दूर, सायबेरियापासून कोरियापर्यंत. झुडपाचा नकाशाही असाच तुटक आहे. पिरेनीज, जुरा, आल्प्स, कार्पेथियन या पर्वतांत ते आहे, मग मधली मैदाने सोडून ईशान्य युरोप आणि सायबेरियातून थेट जपानच्या होक्काइडो बेटापर्यंत. आल्प्समध्ये त्याच्या सोबतीने वाढणारा अरोला पाइन आणि सायबेरियाचा पाइन हेही असेच जवळचे भाऊ. हिमयुगात हा थंड पट्टा मधल्या मैदानांतही पसरलेला होता. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले, हवा तापली, आणि थंडीला सरावलेले जीव उत्तरेकडे किंवा डोंगरावर सरकले. आपल्याकडे हिमालयातला ऱ्होडोडेंड्रॉन मधला सारा मुलूख सोडून एकदम निलगिरीत भेटतो, त्याचे स्पष्टीकरणही असेच देतात. उत्तरेकडे जावे तसे हे झुडूप कमी उंचीवर येते. आल्प्समध्ये ते पर्वतावर आहे, होक्काइडोत मात्र समुद्रकिनाऱ्याजवळच्या दलदलीच्या मैदानातही.

होक्काइडोतील मूळ रहिवासी ऐनू लोकांच्या भाषेतून त्याचे 'हास्काप' हे नाव जपानीत आले. फांदीवर भरपूर लागणारे, असा त्याचा अर्थ सांगतात. तिथल्या टोमाकोमाई शहराजवळच्या युफुत्सू मैदानात रानटी हास्काप दाटीने उगवत असे. १९७० च्या दशकात त्या मैदानावर मोठी औद्योगिक वसाहत उभी करायचे ठरले, तेव्हा अनेक झुडुपे मुळासकट उपटून आसपासच्या शेतांत नेऊन लावली गेली. जवळचे आत्सुमा गाव आज हास्कापच्या लागवडीसाठी ओळखले जाते. पीक वाढले, मूळ रान आक्रसले. सोव्हिएत रशियात या झुडपाच्या निवडीचे काम त्याआधीच सुरू झाले होते. कॅनडात सस्कॅचेवान विद्यापीठाने रशियन आणि जपानी झुडपांच्या संकरातून नवे वाण काढले. 'टुंड्रा' आणि 'बोरियालिस' हे वाणही २००७ मध्ये त्याच विद्यापीठातून बाहेर आले. असा संकर करताना गुणसूत्रे पाहावी लागतात. सेरुलियाच्या बहुतेक झुडपांत ती ३६ असतात, पण काही भागांत १८ च. वर्गीकरणकारांमध्ये ही सर्व एकच जाती मानावी की अनेक, यावर शंभर वर्षे वाद चालला त्याचे हेही एक कारण. पेल्याची रचना मात्र सर्वांत एकच आहे, आणि आम्हाला तरी एकच जाती मानणाऱ्यांची बाजू सरस वाटते.

स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, हे वर म्हटले. त्यामुळे बी पेरून मूळ झुडपासारखे झुडूप मिळत नाही, कारण प्रत्येक बी संकराचे. एखादा चांगला रानटी वाण राखायचा तर तो बियांच्या बाटलीत ठेवून भागत नाही. कलम करून जिवंत झुडूपच जमिनीत ठेवावे लागते. सेंट पीटर्सबर्गजवळ पाव्हलोव्स्क येथे व्हाव्हिलोव्ह यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या केंद्रात फळझाडांचा असा जिवंत संग्रह आहे. सफरचंद, स्ट्रॉबेरी, करंट आणि त्यांच्या शेजारी दूरदूरच्या मुलखांतून आणलेली निळी लोनिसेराही. २०१० मध्ये या जमिनीवर घरे बांधण्याची योजना आली आणि न्यायालयाचा निकालही बांधकामाच्या बाजूने लागला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. मुळासकट हलवायला वर्षे लागतात आणि प्रत्येक झुडूप वाचेलच असे नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. २०१२ मध्ये रशियन सरकारने जमिनीचे हस्तांतरण थांबवले आणि झुडुपे जागच्या जागी राहिली.