पटवणारं बोलणं: तेरच्या थापटण्यापासून लातूरच्या वल्गनेपर्यंत

तेरच्या गोरोबाकाकांची एक कथा मराठवाड्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. संतमंडळी जमलेली. मुक्ताई थापटण्याकडे बोट दाखवून विचारते, हे कशाला? काका म्हणतात, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही मडकी बघा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे निमूट सोसतात, नामदेव तेवढे चिडतात आणि कच्चे ठरतात. पुढं ते विसोबा खेचरांना गुरू करतात.

हे घडलं की कुणी रचलं, ते अभ्यासकांनी ठरवावं. मला नवल वाटतं ते कथेच्या बांधणीचं. गुरूवाचून भक्ती पुरी पिकत नाही, हे वाक्य कथेत कुणीच उच्चारत नाही; ते ऐकणाराच मनात म्हणतो. युक्तिवादातली एक पायरी श्रोत्यावर सोडावी, म्हणजे निष्कर्ष त्याला स्वतःचा वाटतो, हे ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं. आपल्याकडं ते कुंभाराच्या ओट्यावर चाललं होतं.

मराठीनं या कलेचा आराखडाही फार लवकर बांधला. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, तेव्हा प्रत्येकाचे तीन भाग पाडले: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आधी सिद्धांत, मग गोष्ट, मग गोष्टीतलं काय कशाला लागू पडतं त्याचा खुलासा. न्यायशास्त्रातल्या पाच अवयवांमध्ये ‘उपनय’ हेच काम करतो. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट या ग्रंथात आहे. पण आज ती सांगणारे बहुतेक जण तिसऱ्या भागाआधीच थांबतात. माझ्या मते पटवणं आणि भुलवणं यांतली सीमारेषा त्या तिसऱ्या भागातच आहे. ज्याला दार्ष्टांतिक सांगावं लागतं, त्याचा दृष्टांत तपासता येतो.

वारकरी कीर्तनकार अजून ही शिस्त पाळतो. निरूपणाला एक अभंग घ्यायचा, चरण सोडवत जायचं, इतर संतांची प्रमाणं द्यायची, दृष्टांत सांगून पुन्हा चरणावर यायचं. मोबाइलवर फिरतात ते तुकडे मात्र फक्त दृष्टांताचे, त्यातही विनोदाचे. चरण गळून पडतो, टाळी तेवढी उरते.

तुळजापूरच्या गोंधळात युक्ती वेगळी. संबळ आणि तुणतुणं लागलं, दिवटी पेटली की गोंधळी गावोगावच्या दैवतांना नावानं बोलावत जातो. कोरडी यादी वाटेल, पण बसलेला प्रत्येक माणूस आपल्या गावच्या देवाची वाट बघत असतो. नाव आलं की तो त्या गोंधळातला होतो. निवडणुकीच्या सभेत पुढारी सुरुवातीला गावांची आणि वाड्यांची नावं उगाच घेत नाही.

अतिशयोक्तीवर मात्र जरा थांबायला हवं. आचार्य अत्र्यांची ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ ही लकब निरुपद्रवी होती, कारण ते खरं नाही हे वक्त्यालाही ठाऊक होतं आणि श्रोत्यालाही. कासिम रझवीच्या वल्गनांना ही सोय नव्हती. हा लातूरचा वकील. निजामाच्या हैदराबाद संस्थानात रझाकारांचा म्होरक्या झाल्यावर तो सांगू लागला की लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील. आकडा नाही, हेतू नाही, उदाहरण नाही, नुसता विस्तार. अशी भाषा युक्तिवाद करतच नाही. ती ऐकणाऱ्याला क्षणभर अवाढव्य करून सोडते, आणि त्या अवाढव्यपणाचा मार गावोगावच्या लोकांनी खाल्ला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. पाचव्या दिवशी सगळं संपलं. रझवी तुरुंगात गेला आणि १९५७ मध्ये सुटल्यावर पाकिस्तानात. मागं राहिलेल्या साध्या मुसलमानांना मात्र कुठं जायचं नव्हतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्यानंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घेतलं. तो अहवाल कैक वर्षं दडून राहिला. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या भाषणांत हा भाग आजही क्वचितच येतो. गाळणं हेही वक्तृत्वाचंच एक साधन.

याच काळाची दुसरी बाजू म्हणजे मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक होते. १९३५ मध्ये अंबाजोगाईला गेले. घर नाही, संसार नाही, इस्टेट नाही. असा संन्यासी ‘तुरुंगात चला’ म्हणतो तेव्हा अर्धा युक्तिवाद त्याच्या उभं राहण्यातच पुरा झालेला असतो.

संन्याशाच्या वस्त्राचं हे वजन उलटंही वापरता येतं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेले लेखक, पण ते ख्रिस्ती धर्मगुरू होते एवढ्यावरून त्यांच्या निवडीला विरोध झाला. लेखनाशी वाद घालायला पुस्तक वाचावं लागतं, झग्याशी घालायला काही लागत नाही.

व्यासपीठं सोडून जनावरांच्या बाजारात जावं, तर तिथं या शास्त्राच्या दोन्ही शाखा एकाच वेळी चालू असतात. तोंडानं दलाल बैलाची वाखाणणी करतो, गिऱ्हाईक खोड काढतं: दात बघा, खांदा बघा, चाल बघा. व्याजस्तुती, व्याजनिंदा, सगळं मोठ्यानं, भोवतीच्या बघ्यांसाठी. खरा भाव त्याच वेळी रुमालाखाली बोटांनी चाललेला असतो, आणि तिथं विशेषणाला बोटच नाही.