पंचवीस हजार येनांचा संसार

आपल्याकडे आईचा फोन आला की पहिला प्रश्न ‘जेवलास का?’, बाकीचं मागाहून. ‘किनो नानि ताबेता?’, म्हणजे ‘काल काय खाल्लंस?’, हे या जपानी मालिकेचं नाव त्यामुळेच मला पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीचं वाटलं.

टीव्ही टोकियो वाहिनीवर एप्रिल २०१९मध्ये, शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर ती लागायची. पहिलं पर्व बारा भागांचं. काकेइ शिरो वकील, याबुकी केन्जी हेअरड्रेसर. दोघंही चाळिशी ओलांडलेले, टोकियोतल्या एका फ्लॅटमध्ये जोडीदार म्हणून एकत्र राहणारे. शिरो कामावरून वेळेत निघतो, सुपरमार्केटात सवलतीच्या पाट्या वाचत फिरतो, घरी येऊन रांधतो. केन्जी जेवतो आणि तोंडभरून वाखाणतो. कथानक विचाराल तर एवढंच. योशिनागा फुमी यांच्या ज्या कॉमिकवरून मालिका घेतली, ते ‘मॉर्निंग’ साप्ताहिकात २००७पासून येतंय आणि त्यातली पात्रं वाचकांच्या बरोबरीनं म्हातारी होत चाललीत.

मला मालिकेत गुंतवलं ते हिशेबानं. दोघांच्या जेवणखाणावर महिन्याला पंचवीस हजार येन, त्यापलीकडे एक येनही नाही, हा शिरोचा नेम. मोठं कलिंगड स्वस्त पडतं, पण दोघांना संपणार कसं? म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईंशी तो ते अर्धं वाटून घेतो आणि तिथून एक छान मैत्री जमते. ही कंजुषी विनोदासाठी पेरली आहे असं आधी वाटतं. पण मूल नाही, लग्नाची नोंद नाही; म्हातारपणाची तजवीज करायची ती स्वतःच. जपानी कायदा समलिंगी विवाह मानत नाही. टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया या प्रभागांनी २०१५मध्ये जोडीदार म्हणून दाखले द्यायला सुरुवात केली, पण त्या कागदानं वारसाहक्क मिळत नाही. मालिका यावर भाषण ठोकत नाही. शिरो फक्त वहीत आकडे मांडतो.

शिरोची आई लेकाचं सत्य जाणते आणि आपण ते स्वीकारलंय असं ठणकावूनही सांगते. फक्त सांगताना समलिंगी आणि गुन्हेगार यांना एकाच दमात ओवते. ही भूमिका काजी मेइको यांची. १९७३च्या ‘लेडी स्नोब्लड’मध्ये तलवारीनं सूड उगवणारी नायिका इथे मुलाच्या काळजीनं हैराण झालेली पाहणं, हा वेगळाच आनंद!

सगळ्यात कसदार भाग मात्र याच मालिकेवरून निघालेल्या चित्रपटात आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे केन्जी शिरोच्या आईवडिलांकडे जाऊन येतो, सगळं गोड होतं. नोव्हेंबर २०२१च्या चित्रपटात शिरो त्याला अचानक क्योटोला नेतो. इतके लाड कशासाठी? केन्जीच्या मनात नाही नाही ते येतं. याला काही जीवघेणं दुखणं तर नाही ना? खरं कारण साधं आणि जास्त बोचरं. केन्जी येऊन गेल्यावर शिरोच्या आईनं अंथरूण धरलं. आता नववर्षाला त्याला आणू नकोस, असं घरून सांगणं आलंय. कुणीच दुष्ट नाही, आणि म्हणूनच भांडायला जागा नाही. शेवटी नववर्षाला आपण केन्जीसोबतच राहायचं, असं शिरो ठरवतो. त्याच वर्षी ‘ड्राइव्ह माय कार’मुळे जगभर नाव झालेले निशिजिमा हिदेतोशी यांचा संयम इथेही तितकाच सरस आहे. उचिनो सेइयो यांचा केन्जी तर काकणभर अधिकच.

तक्रारही आहे. हा संसार फार नीटनेटका आहे. शरीराची ओढ जवळपास पडद्याबाहेरच ठेवली आहे. प्रेक्षक बिचकू नयेत म्हणून की काय, प्रेमाचं सगळं ओझं जेवणाच्या ताटांवर टाकलंय.

ऑक्टोबर २०२३मध्ये दुसरं पर्व सुरू झालं. महागाईनं शिरोचाही नेम मोडला. महिन्याचे तीस हजार झाले. त्याच महिन्यात, १७ तारखेला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. २०१८मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा काच सैल करणारं न्यायालयही तेच. त्या आठवड्यात मी या मालिकेचा भाग पाहिला तो निव्वळ करमणूक म्हणून पाहू शकलो नाही.

पाहायची असेल तर क्रम मोडू नका : पहिलं पर्व, १ जानेवारी २०२०चा विशेष भाग, मग चित्रपट आणि त्यानंतर दुसरं पर्व. शिरोचे वडील मध्येच वेगळे दिसतील. आधी ती भूमिका करणारे शिगा कोतारो आजारपणामुळे पहिल्या पर्वातच बाहेर पडले आणि २०२०मध्ये वारले.