मुखपृष्ठाचा स्मृतिभार
मुखपृष्ठाचा स्मृतिभार : शैक्षणिक संकेतस्थळाचे पहिले पान तयार करताना सर्व्हरची कार्यकारी स्मृती प्रमाणाबाहेर खर्च होण्याचा दोष. मार्टिन डूगियामस यांनी विकसित केलेली व २००२ मध्ये प्रसृत झालेली मूडल ही मुक्त प्रणाली अनेक शिक्षणसंस्थांत वापरतात. विक्रोळीलगतच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था ही त्यांपैकी एक होय. मूडल पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. पीएचपीत एका प्रक्रियेस मिळणाऱ्या स्मृतीची मूळ मर्यादा १२८ मेगाबाइट असते. ती ओलांडल्यास प्रक्रिया थांबते व विद्यार्थ्यास पाठाऐवजी त्रुटिसंदेश किंवा कोरे पान दिसते.

मर्यादा वाढविणे हा खरा उपाय नव्हे. ८ गिगाबाइट स्मृतीत प्रत्येकी १२८ मेगाबाइट वापरणाऱ्या ६४ प्रक्रिया एकाच वेळी मावतात. ५१२ मेगाबाइट वापरणाऱ्या केवळ १६. परिणामी परीक्षेच्या दिवशी संकेतस्थळ लवकर कोलमडते.

निदानासाठी मूडलमधील कार्यक्षमतेची नोंद चालू करतात. तीमुळे पानाच्या तळाशी स्मृतिवापराचा आकडा दिसतो. मुखपृष्ठावरील अभ्यासक्रमांची यादी व इतर घटक, तसेच बाहेरून जोडलेली पूरके एकेक बंद करून आकडा पुन्हा पाहतात. ज्या बदलाने तो एकदम उतरतो, तेथे दोष असतो. लांबलचक यादी कारणीभूत असल्यास तिच्याऐवजी केवळ विभागांची नावे व शोधपेटी ठेवतात. प्रत्येक पानाचा आकडा माफक असूनही स्मृती संपत असल्यास एकसमयी चालणाऱ्या प्रक्रियांची संख्या उपलब्ध स्मृतीच्या बेताने मर्यादित करावी लागते.