पाण्यातील अदृश्य विष आणि कागदावरचा रंग

पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्यायोग्य असतेच असे नाही. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. उकळून ते जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. पश्चिम बंगाल व बांगलादेशातील कोट्यवधी लोकांच्या पोटात हे विष हातपंपातून गेले. तळ्यांच्या दूषित पाण्याने होणारी हगवण टळावी म्हणून तेथे १९७०च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू चांगला होता. परंतु पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत तेव्हा आर्सेनिकचा समावेशच नव्हता.

प्रयोगशाळा दूर, आणि शेजारशेजारच्या दोन पंपांचे पाणीही सारखे नसते. एक विषारी, तर हाकेच्या अंतरावरील दुसरा निर्धोक, असे सर्रास आढळते. त्यामुळे प्रत्येक पंप स्वतंत्रपणे तपासणे अटळ होते. हे काम रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने केले. तिच्यामागील पद्धत एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनज्ञ गुटझाइट यांच्या नावाने ओळखली जाते. बाटलीतील पाण्यात आम्ल व जस्ताची भुकटी घातली की हायड्रोजन निर्माण होतो. पाण्यात आर्सेनिक असल्यास त्याचे आर्सिन वायूत रूपांतर होते. हा वायू बाटलीच्या तोंडाशी बसविलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला लागतो. पांढरा कागद पिवळा होतो, प्रमाण जास्त असेल तर तपकिरी. तो रंग छापील रंगतक्त्याशी ताडून पाहावयाचा. आर्सिन अतिविषारी असल्याने हे सारे मोकळ्या हवेतच करावे लागते, हे आपल्या प्रयोगप्रेमी विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे!

पट्टीची खरी मर्यादा माणसाच्या डोळ्यांत आहे. गडद तपकिरी कोणीही ओळखील; फिकट पिवळ्याच्या दोन छटांविषयी मात्र दोघांचे एकमत होत नाही, आणि निर्णय नेमका तेथेच अडतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशाची ५०. म्हणजे तीच पट्टी एका मापाने विषारी ठरते, दुसऱ्याने निर्धोक.

बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका अशा तपासण्यात आल्या. निर्धोक पंपाचे तोंड हिरवे, विषारी पंपाचे लाल रंगविले गेले. सुमारे १४ लाख लाल निघाल्या. लाल पंपाच्या पाण्याने कपडे धुता येतात. पिणे व रांधणे वर्ज्य. कित्येक कुटुंबे शेजारच्या हिरव्या पंपावर जाऊ लागली. पण बहुतेक पंप खाजगी; हिरवा पंप दुसऱ्याच्या अंगणात असला, तर पाणी त्याच्या मर्जीवर. पुढे ऊन-पावसाने रंग उडाले, नव्या कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि त्यांतील अनेकींची तपासणी झालीच नाही.